पाया बुजवण्याआधी तपासा: कोल्हापूर महापालिका आणि प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण
आणि शहरात व प्राधिकरणाच्या ४२ गावांत घर, फ्लॅट किंवा प्लॉट घेऊ पाहणारे सर्व

विषय: निवासी बांधकामांचा माती परीक्षण अहवाल, पायाची तपासणी आणि पुराची पातळी खरेदीदारांना खुली करणेबाबत

महोदय,

मागणी आधी सांगतो, कारणे नंतर. निवासी बांधकामाला परवानगी देताना त्या जागेचा माती परीक्षण अहवाल घ्यावा. पायाच्या खड्ड्यात काँक्रीट पडण्याआधी तो खड्डा तपासावा. आणि जोत्याची उंची व त्या ठिकाणची लाल पूररेषेची (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) उंची एकाच कागदावर, एकाच मापात छापून तो कागद खरेदीदाराला साठेखताआधी मिळेल अशी व्यवस्था करावी.

फ्लॅट बघायला आलेले कुटुंब टाइल्स बघते, ओटा बघते, पार्किंग मोजते, देवघराची दिशा विचारते. ज्याच्यावर हे सगळे उभे आहे ते मात्र जमिनीखाली गेलेले असते. आयुष्यभराची बचत आणि वीस वर्षांचे कर्ज ज्या पायावर टेकते, त्याबद्दल खरेदीदाराच्या हातात एकही कागद नसतो. आज तपासणीचा पहिला ठळक टप्पा आहे तो जोते तपासणीचा. त्यात प्रामुख्याने समास अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि बाहेरची मापे पाहिली जातात. तोवर पाया भरून, बुजवून, वर जोते बांधून झालेले असते. चुका जिथे होतात तो टप्पा निघून गेल्यावर तपासणी होते, म्हणून हे पत्र.

कोल्हापूरची जमीन एकसारखी नाही. खाली सगळीकडे दख्खनचा बेसॉल्ट असला तरी त्याच्यावर काय साठले आहे ते अर्ध्या किलोमीटरमध्ये बदलते. पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगरच्या चढावर मुरूम आणि कातळ लवकर लागतो. पंचगंगेच्या आणि जयंती, दुधाळी नाल्यांच्या काठाने गाळ आणि काळी माती आहे. सखल ऊसशेतीत काळ्या मातीचा थर कुठे हातभर असतो, तर कुठे माणूस बुडेल इतका. शिवाय हे तळ्यांचे शहर. वरुणतीर्थाच्या जागी आज गांधी मैदान आहे, कपिलतीर्थाच्या जागी मंडई. अशा बुजवलेल्या तळ्यांच्या आणि वळवलेल्या ओढ्यांच्या आसपास जमीन वरून सपाट, टणक दिसते आणि खाली गाळ, राख, विटांचे तुकडे निघतात. शेजारच्या इमारतीला काही झाले नाही म्हणून आपल्यालाही होणार नाही, हा हिशेब इथे चालत नाही.

सर्वांत जास्त नुकसान काळ्या मातीने होते. या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेले की ती आकसते, भेगाळते. एप्रिल-मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा घराखालीही पडू पाहतात. त्यातही घराच्या मधोमध ऊन-पाऊस पोहोचत नाही, तिथली ओल जवळपास स्थिर राहते. कडेची माती मात्र पावसाळ्यात फुगून वर येते आणि उन्हाळ्यात खाली बसते. म्हणजे घराच्या कडा दरवर्षी वर-खाली होतात आणि मध्य जागेवर राहतो. वीट-सिमेंटची भिंत अशी लवचिकता दाखवू शकत नाही, ती तडकते.

गुंतवणूकदारांचा एक गैरसमज इथेच दूर व्हायला हवा. काळ्या मातीत मोठ्या इमारतीपेक्षा बैठे घर, रो-हाऊस, एक मजली बंगला आणि कंपाउंड भिंत यांना धोका जास्त असतो. मातीचा फुगवटा वर ढकलतो तेव्हा त्याला दाबून ठेवेल एवढे वजनच त्यांच्यात नसते. ‘फक्त तळमजला तर बांधायचा आहे, माती परीक्षण कशाला’ हे वाक्य नेमके उलटे आहे.

माती फुगणारी आहे की नाही याचा पहिला अंदाज घ्यायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. माती सुकवून कुटायची, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची. त्यातली १०-१० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात डिस्टिल्ड पाणी, दुसऱ्यात रॉकेल भरायचे, ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि २४ तास स्थिर ठेवायचे. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. दोन्ही पात्रांत बसलेल्या मातीच्या आकारमानातला फरक भागिले रॉकेलमधले आकारमान, गुणिले १००, हा झाला फ्री स्वेल इंडेक्स. पाण्यातली माती १८ मिलिलिटरवर आणि रॉकेलमधली १० वर बसली तर उत्तर ८० टक्के. आकडा ५० च्या पुढे गेला की त्या मातीत साधा उथळ पाया घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ही चाचणी भारतीय मानक २७२० च्या ४० व्या भागात दिलेली आहे, ४१ व्या भागात फुगवट्याचा दाब मोजायची पद्धत आहे. घरी केलेला प्रयोग फक्त इशारा देतो, डिझाइनसाठी प्रयोगशाळेचा अहवालच लागतो.

अहवाल कसा असावा हेही परवानगीच्या अटीत लिहून ठेवावे लागेल, नाहीतर एकाच जागेचा अहवाल दहा जागांना जोडला जाईल. सुमारे १ एकराच्या सलग जागेवर बांधकाम असेल तर चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक बोअर (माती तपासण्यासाठी पाडलेले खोल भोक), ही भारतीय मानक १८९२ ची सर्वसाधारण अपेक्षा आहे. लहान प्लॉटवर मध्यभागी एक बोअर किंवा चाचणी खड्डा चालतो, पण तो पायाच्या तळाच्या बराच खाली गेला पाहिजे. पायाच्या रुंदीच्या किमान दीडपट. प्रत्येक बोअरची जागा नकाशावर अक्षांश-रेखांशासह असावी. कोणत्या खोलीवर कोणता थर, प्रमाणित भेदन चाचणीचे फटके किती, द्रव मर्यादा (किती पाण्यावर माती पातळ होते), प्लास्टिसिटी (ती किती चिकट आहे), फ्री स्वेल, फुगवट्याचा दाब आणि भूजल किती खोलीवर लागले हे सगळे त्यात यावे. बोअर मारल्याची तारीखही हवी. मे महिन्यात मारलेल्या बोअरला पाणी लागले नाही याचा अर्थ ऑगस्टमध्ये ते जोत्याला टेकणार नाही असा होत नाही. भेदन चाचणीत ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडतात आणि नळी शेवटची ३० सेंटिमीटर आत जायला किती फटके लागले ते मोजतात. सगळ्या खोल्यांवर, सगळ्या बोअरला एकसारखेच फटके लिहिलेला अहवाल आला, तर तो टेबलावर बसून लिहिला आहे असे समजून परत पाठवावा.

आता पायाबद्दल. काळ्या मातीचा थर दीड-दोन मीटर असेल आणि खाली मुरूम असेल तर सरळ मुरुमापर्यंत खोदावे, वाद संपला. थर खोल असेल तर अंडररीम पाइल, म्हणजे खाली फुगीर गाठ असलेले खांब, हा रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेला आणि आपल्या मातीत टिकलेला मार्ग आहे. खोल काळ्या मातीत त्यांची लांबी जमिनीपासून किमान ३.५ मीटर धरतात, कारण ऋतूप्रमाणे ओल बदलते ती साधारण तेवढ्या खोलीपर्यंत. गाठीचा व्यास दांड्याच्या अडीच पट. ३० सेंटिमीटरचा दांडा असेल तर गाठ ७५ सेंटिमीटरची. ही गाठ खालच्या स्थिर मातीत अडकून राहते आणि वरची माती फुगून खांबाला उचलू लागली तर त्याला धरून ठेवते.

कागदावर हे सगळे नीट असते. चुका साइटवर होतात, आणि त्या ठरलेल्या आहेत. ड्रिलने भोक पाडले की गाठ कापायचे हत्यार पुरेसे फिरवत नाहीत, मग गाठीऐवजी थोडा फुगीर दांडा तयार होतो. भोकात पाणी भरलेले असताना वरून काँक्रीट ओततात, त्यातले सिमेंट धुऊन जाते. पाणी असेल तर काँक्रीट ट्रेमी नळीतून, म्हणजे भोकाच्या तळापर्यंत सोडलेल्या लांब नळीतून, तळापासून भरत यावे लागते. तिसरी चूक सर्वांत नेहमीची. पाइलवरचा जोत्याचा बीम जमिनीला टेकवून ओततात. फुगणाऱ्या मातीत बीमखाली किमान ८० मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची असते, म्हणजे मातीला फुगायला वाव मिळतो. सेंट्रिंगवाल्याला सोपे जावे म्हणून माती समतल करून, तिच्यावर प्लॅस्टिक टाकून बीम ओतला की हा सगळा खर्च वाया. दुसऱ्या पावसाळ्यात माती बीमलाच वर उचलते. ही ८० मिलिमीटरची पोकळी तपासायला कनिष्ठ अभियंत्याला पाच मिनिटे लागतात. पण ती पाच मिनिटे बीम ओतण्याआधीची असावी लागतात.

हलक्या बांधकामासाठी आणखी एक मार्ग आहे. पायाखालची काळी माती काढून तिच्या जागी न फुगणाऱ्या पण चिकट अंश असलेल्या मुरुमाचा सुमारे १ मीटरचा थर दाबून भरायचा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून ही पद्धत पुढे आली. इथे वाळू किंवा खडी भरायची चूक करू नये. वाळूतून पाणी सहज खाली जाते आणि खालच्या काळ्या मातीला भिजवते, म्हणजे रोगाला खतपाणी.

साध्या फुटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या पसरट पायाच्या, खड्ड्यातही तपासण्यासारखे बरेच आहे. रात्रभर पावसाचे पाणी साठलेल्या खड्ड्याचा तळ लोण्यासारखा मऊ होतो. पाणी उपसून लगेच काँक्रीट टाकले तर तो मऊ थर कायमचा खाली राहतो. पाणी काढल्यावर मऊ माती खरवडून टणक थर उघडा करायचा, मगच १० सेंटिमीटरचे पीसीसी, म्हणजे सळईविना साधे काँक्रीट. फुटिंगच्या सळईला ५० मिलिमीटर कव्हर, म्हणजे भोवती काँक्रीटचे आवरण, लागते. ते विटेच्या तुकड्यांवर नव्हे, काँक्रीटच्या कव्हर ब्लॉकवर मिळाले पाहिजे. वीट पाणी शोषते आणि सळईपर्यंत पोहोचवते.

भरावाच्या प्लॉटवर जरा थांबून बोलायला हवे, कारण शहराभोवतीची मोठी गुंतवणूक आज तिथे होते आहे. सखल शेत घ्यायचे, राडारोडा आणि मुरूम टाकून रस्त्याच्या पातळीला आणायचे, गुंठ्यागुंठ्याने विकायचे. डंपरने ओतलेला भराव कितीही पाणी मारले तरी नीट बसत नाही. तो २० ते ३० सेंटिमीटरच्या थरांत पसरून, योग्य ओल देऊन, रोलर फिरवून, प्रत्येक थराची घनता कोअर कटरने किंवा वाळू बदल पद्धतीने तपासून घालावा लागतो. प्रॉक्टर घनतेच्या (प्रयोगशाळेत ती माती दाबून मिळालेल्या कमाल घनतेच्या) ९५ टक्के हे नेहमीचे लक्ष्य. तसे केलेले नसेल तर अनेक पावसाळे तो बसतच राहतो. जाणकार माणूस कॉलमचे फुटिंग भरावाखालच्या मूळ जमिनीत नेतो, म्हणून इमारतीचा सांगाडा तगतो. पण फरशी, संडासची टाकी, पोर्च आणि कंपाउंड मात्र भरावावरच असतात. फरशी खाली जाते, स्कर्टिंगखाली फट दिसते, ड्रेनेजच्या पाइपचा जोड निसटतो. मग त्या पाइपचे पाणी भरावात मुरते आणि बसण्याचा वेग वाढतो.

वर्षानुवर्षे पाटाचे पाणी खाल्लेल्या ऊसशेतीचे वेगळेच. तिथली माती खोलवर ओली असते. ऊस गेला, पाणी थांबले, वर घर आले की ती पुढच्या काही उन्हाळ्यांत सावकाश सुकत, आकसत जाते. अशा जागी घाईने उथळ पाया घातला तर पहिली दोन-तीन वर्षे तडे येत राहतात आणि दोष गवंड्यावर जातो.

विम्याचेही खरेदीदारांनी नीट समजून घ्यावे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची घरविमा पॉलिसी मिळते. पूर, वादळ, जमीन खचणे, दरड यांचे नुकसान तिच्यात येते. पण नव्या बांधकामाचे नेहमीचे बसणे व तडे, भराव जमिनीचे बसणे आणि सदोष डिझाइन किंवा सदोष काम यांचे नुकसान तिच्यात येत नाही. म्हणजे भरावावरच्या घराचा सर्वांत संभाव्य त्रासच विम्याबाहेर आहे. भराव किती फुटांचा, कधीचा, कसा दाबलेला, हे ले-आउट मंजुरीच्या नकाशावर लिहिणे म्हणूनच सक्तीचे करावे.

चढावरच्या वसाहतींचा प्रश्न वेगळा आहे. तिथे डोंगर कापून अर्धा प्लॉट मिळतो आणि कापलेली माती पुढे लोटून उरलेला. मागचे कॉलम कातळावर आणि पुढचे भरावावर, अशी इमारत वाकणारच. मागचा भाग हलत नाही आणि पुढचा बसतो. सगळे कॉलम एकाच प्रकारच्या थरावर नेणे, वरून येणारे पाणी इमारतीच्या मागेच गटारात अडवून बाजूला काढणे आणि राखण भिंतीला पाणी निघायला भोके ठेवून मागे खडीचा थर देणे, एवढे केले तर चढावरची जमीन कोल्हापुरातली सर्वांत भरवशाची आहे.

आता पूर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ आहे. २००५ मध्ये पाणी ५० फुटांच्या आसपास गेले, २०१९ आणि २०२१ मध्ये ५५ फुटांच्या पुढे. पण हे फूट बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचे आहेत. नागाळा पार्क, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, सुतारवाडा किंवा कदमवाडीतल्या एखाद्या प्लॉटला ५५ फुटांचा अर्थ काय, हे त्या आकड्यावरून कळत नाही. नदीचा पृष्ठभाग उतरता असतो आणि नाल्यातून मागे सरणारे पाणी वेगळ्या पातळीला थांबते. खरेदीदाराला उपयोगी पडणारा आकडा समुद्रसपाटीपासूनच्या मीटरचा आहे: रस्ता किती, जोते किती, निळी रेषा किती, लाल रेषा किती.

नियम आहे, आणि तो चांगला आहे. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आतला पट्टा निषिद्ध, दोन्हींच्या मधला नियंत्रित. एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीनुसार नियंत्रित पट्ट्यात बांधायचे तर पातळी लाल रेषेच्या किमान ०.४५ मीटर वर ठेवावी लागते. पण ही उंची कोणी, कोणत्या बेंचमार्कवरून (समुद्रसपाटीपासूनची उंची ठाऊक असलेल्या खुणेवरून) मोजली हे खरेदीदाराला कुठेच दिसत नाही. ‘रस्त्यापासून तीन फूट वर’ हे माप इथे निरुपयोगी आहे. दर डांबरीकरणाला रस्ता वर येतो, समुद्रसपाटी तिथेच राहते. परवानगीच्या नकाशावर बेंचमार्कचा क्रमांक व उंची लिहावी आणि भोगवटा प्रमाणपत्राआधी जोत्याची उंची ऑटो लेव्हलने (पातळी मोजायच्या यंत्राने) पुन्हा मोजून प्रमाणपत्रावरच छापावी.

घरात पाणी नेहमी दारातूनच येते असे नाही. नदी चढली की जयंती नाल्याचे पाणी मागे सरते आणि ड्रेनेजच्या चेंबरमधून, तळमजल्याच्या संडासातून वर येते. सोसायटीच्या शेवटच्या चेंबरवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी मागे येऊ न देणारी झडप, हवा आणि तो दरवर्षी मे महिन्यात उघडून साफ केलेला हवा. झडपेत प्लॅस्टिकची पिशवी अडकली तर ती असून नसल्यासारखी.

जमिनीखालच्या टाकीचे गणित इमारतीच्या समितीने भिंतीवर लावून ठेवावे असे आहे. आतून ३ बाय २ मीटर आणि २ मीटर खोल, सर्व बाजूंनी १५ सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची टाकी घ्या. तिचे स्वतःचे वजन साधारण साडेतेरा टन. भूजल जमिनीच्या पातळीला आले की तिला वर ढकलणारा जोर साडेसतरा टन. टाकी रिकामी असेल तर बाजूच्या मातीची पकड आणि वरची फरशी सोडून तिला धरायला काही नाही. ती उचलते, पाइप तुटतात, तळ तडकतो. भरलेली असेल तर आतले १२ टन पाणी तिला जागेवर ठेवते. म्हणून राजारामची पातळी ३९ फुटांवर गेल्याचे कळताच जमिनीखालची टाकी काठोकाठ भरावी, झाकण घट्ट करावे, पूर गेल्यावर ते पाणी फेकून टाकी धुवावी.

तळघराला हाच नियम लागू आहे. १ मीटर उंचीचे पाणी तळाच्या स्लॅबला दर चौरस मीटरला १,००० किलोने वर ढकलते. १५ सेंटिमीटरच्या स्लॅबचे वजन त्याच जागेत ३७५ किलो. पूरपट्ट्यात तळघराची फरशी साधी ‘कोबा’ म्हणून घातलेली असेल तर ती फुटते. पूर ओसरल्यावर तळघरातले पाणी एका रात्रीत उपसू नये. बाहेरची माती अजून भरलेली असते, आतला आधार गेला की भिंत आत येते. दिवसाला २ ते ३ फूट उपसावे आणि बाहेरची पातळी उतरते आहे का ते बघत जावे. मीटर, लिफ्टचे कंट्रोल पॅनेल, जनरेटर आणि पंपाचे स्टार्टर यांना लाल रेषेच्या वरचीच जागा द्यावी. पूरपट्ट्यात पार्किंगमधले मीटरबोर्ड छातीच्या उंचीवर बसवलेले दिसतात, ते वर न्यायला लावणे तुमच्या हातात आहे.

वादळाबद्दल थोडक्यात, कारण उपाय सोपे आहेत. आपल्याकडे नुकसान करतो तो वळीव. दुपारी उकाडा, संध्याकाळी धुळीचा लोट आणि दहा मिनिटांत टेरेसवरचा पत्रा शेजारच्या गल्लीत. वाऱ्याचा जोर पत्र्याला खाली दाबण्यापेक्षा वर ओढतो, आणि ही ओढ कडांना व कोपऱ्यांना सर्वांत जास्त असते. पत्रे उडतात ते फुटून नव्हे, जोडणी सुटून. कडेच्या दोन पर्लिनवर (पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या पट्ट्यांवर) प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मधल्या पर्लिनवर एक सोडून एक, प्रत्येकाखाली रबरी वॉशर. खांबांचे पाय टेरेसच्या वॉटरप्रूफिंगवर ठेवून चालत नाही, बेसप्लेट आणि अँकर बोल्टने खालच्या बीम-कॉलममध्ये धरायला हवेत. सौरपॅनेलच्या चौकटीला आणि रिकाम्या प्लॅस्टिकच्या टाकीला हेच लागू. टेरेसची विटांची कठड्याची भिंत लांबच लांब असेल तर दर ३ मीटरला काँक्रीटचा छोटा कॉलम आणि वरून पट्टा हवा. आणि गच्चीचे पाणी खाली आणणारे पाइप जोत्याजवळ मोकळे सोडणे थांबवा. काळ्या मातीत घराचा एक कोपरा भिजवून तडा पाडायचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. पाणी किमान ३ मीटर लांब किंवा गटारापर्यंत न्यावे आणि घराभोवती १ मीटर रुंद, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा घालावा. मोठे होणारे झाड घरापासून त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीएवढे लांब असावे.

जुना फ्लॅट किंवा बंगला घेणाऱ्यांनी तडे वाचायला शिकावे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी जाणारा तडा पायाच्या हालचालीचा असतो. तो वर रुंद आणि खाली बारीक असेल तर भिंतीची टोके खचत आहेत किंवा मध्य उचलतो आहे. खाली रुंद असेल तर मध्य खचतो आहे. केसाएवढी जाळी फक्त गिलाव्याची असते. तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून दर महिन्याला व्हर्नियरने (मिलिमीटरचा अंश मोजणाऱ्या मापकाने) अंतर मोजा. उन्हाळ्यात वाढून पावसाळ्यात कमी होत असेल तर काळी माती, वर्षभर वाढतच असेल तर पाया बसतो आहे. नुकताच रंगवलेला तळमजला आणि न रंगवलेले वरचे मजले दिसले तर रंगाखाली काय आहे ते विचारा. ५ मिलिमीटरपेक्षा रुंद तडा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय इसार देऊ नये.

कायद्याचे संरक्षण आहे, पण त्याला कुंपण आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा ८ पर्यंत सदनिकांचे प्रकल्प रेरा नोंदणीतून सुटतात, आणि कोल्हापुरातल्या गल्ल्यांमध्ये असे छोटे अपार्टमेंट भरपूर आहेत. त्यांच्या बाबतीत पाया आणि पातळी तपासणारी तुमची यंत्रणा हाच खरेदीदाराचा पहिला आधार आहे. काळ्या मातीचा पाया पाच वर्षांनंतरही त्रास देतो, तेव्हा विकासकाची जबाबदारी संपलेली असते. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ खाली ३० वर्षांवरील इमारतींना स्थैर्य प्रमाणपत्र लागते. त्या अभियंत्याच्या हातात मूळ पायाचा नकाशा आणि मातीचा अहवाल असेल तर त्याला अंदाजाने लिहावे लागणार नाही.

आमच्या सूचनेत नवे खाते नाही, नवा कर नाही. अहवालाचा खर्च बांधणाऱ्याने करायचा आहे, आणि तो एका फ्लॅटच्या किमतीपुढे किरकोळ आहे. काँक्रीटआधी खड्ड्याची तपासणी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरने करावी: मोजपट्टी, तारीख आणि अक्षांश-रेखांश दिसणारे प्रत्येक फुटिंगचे छायाचित्र, खाली त्याची सही. दहापैकी एक जागा तुमच्या अभियंत्याने न सांगता जाऊन पाहावी. हे सगळे परवानगी क्रमांकावर शोधता येईल अशा रीतीने संकेतस्थळावर टाकावे. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनांनी याला विरोध करण्याचे कारण नाही. नीट पाया घालणाऱ्याला आज त्याची किंमत मिळत नाही, कारण तो खर्च गिऱ्हाइकाला दिसत नाही.

यातले एक काम नियम बदलण्याची वाट न पाहता येत्या मेअखेर होऊ शकते. पूर आलेल्या प्रत्येक प्रभागात, ठळक विजेच्या खांबांवर आणि सार्वजनिक इमारतींच्या कोपऱ्यांवर २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा कायमस्वरूपी रंगवाव्यात आणि शेजारी त्यांची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहावी. खुणा अजून लोकांच्या भिंतींवर आहेत, पण रंग नवा लागतो तशा पुसल्या जात आहेत. लेव्हल यंत्र घेऊन प्रभागनिहाय मोजणीसाठी आम्ही मोबदल्याशिवाय येऊ. तारीख आणि सोबत येणाऱ्या अभियंत्याचे नाव कळवावे.

कळावे,
आपले,
माती, पाया आणि इमारत दुरुस्तीचे काम करणारे कोल्हापुरातील स्थापत्य अभियंते